पाढ्यांवर ड्यूटी नाही

माझे वडील दीपगृहं जमवतात. म्हणजे टपाल तिकिटांवरची. हैदराबादला समुद्र नाही, हुसेनसागरात कुणाची बोट रात्री वाट चुकत नाही, आणि बाबांना तर तळ्यातल्या होडीतसुद्धा मळमळतं. तरी हिमायतनगरच्या आमच्या फ्लॅटमध्ये, देव्हाऱ्याशेजारच्या कपाटात, जगभरची दीपगृहं ओळीनं उभी आहेत आणि त्या कपाटाला माझा हात लागलेला बाबांना चालत नाही.

त्यांची अट एकच. तिकीट वापरलेलं हवं, शिक्का बसलेलं. कोऱ्या तिकिटाला ते चित्र म्हणतात. "ज्यानं काम केलं नाही त्याला मी घरात ठेवत नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य आहे, आणि मी रविवारी लोळत पडलेली दिसले की ते जरा मोठ्यानं म्हटलं जातं. इथल्या एका मराठी शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. शाळेतली मुलं कमी होत गेली, बाबांचा आवाज मात्र भरलेल्या वर्गाचाच राहिला.

मी बँकेत नोकरी करते आणि त्यांच्याबरोबर राहते. दादा अमेरिकेत असतो, कॉम्प्युटरवाला. आई लॉकडाऊनमध्ये गेली. विमानं बंद होती, दादाला येता आलं नाही. मी हातात फोन धरून उभी राहिले आणि त्यानं सगळं त्या फोनमधून पाहिलं. बाबा त्याला त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच वाईट झालं. बोलले असते, चिडले असते, तर विषय संपला असता. त्यानंतर दर रविवारी फोन यायचा. "कसा आहेस?" "बरा. तुम्ही?" "बरा." की फोन माझ्या हातात. बाकी जे सांगायचं ते बाबा मला सांगायचे, "त्याला सांग" म्हणून, आणि तो पलीकडून म्हणायचा, "बाबांना सांग." दोघांच्या मध्ये मी स्विचबोर्डसारखी. त्या दोघांनी एकदा तरी नीट बोलावं यासाठी मी काय काय केलं नाही? फोन लावून देऊन अंघोळीला पळाले, पोळी तव्यावर आहे म्हणून खोटं बोलले. घोडं तिथंच पेंड खात होतं.

तर अशात बाबांनी परदेशातल्या एका व्यापाऱ्याकडून दीपगृहांची काही जुनी अमेरिकन तिकिटं मागवली. कार्ड अर्थातच माझं. पाकीट आलं ते कस्टम ड्यूटी घेऊन. पोस्टमनच्या हातातली पावती बाबांनी चष्मा लावून वाचली, चष्मा काढून वाचली.

तिकीट वापरून झालेलं आहे, असं त्यांचं म्हणणं. म्हणजे त्याची किंमत त्या देशाच्या सरकारनं वसूल केलेली आहे. जी संपली त्या किमतीवर आपलं सरकार कर कसा लावतं? मी म्हटलं, संग्राहकासाठी त्याला किंमत आहे, तुम्ही पैसे दिलेत ना, मग तीच किंमत. ते म्हणाले, मी वेडा आहे म्हणून पैसे दिले, सरकार वेडं आहे का? मी पर्समधून पैसे काढले. पोस्टमन खाली मोटारसायकल लावून आला होता, त्यानं ते मोजून घेतले आणि निघाला.

दोन दिवस ते पावती उलटसुलट करत बसले. मग एका सकाळी चहा घेताना म्हणाले की तोडगा सापडला. पाकिटाच्या आत असतं ते तिकीट म्हणजे माल. पाकिटावर चिकटवलेलं तिकीट म्हणजे टपालखर्च. मालावर ड्यूटी आहे, पाकिटावरच्या तिकिटावर आजवर कुणी ड्यूटी मागितलेली नाही. अमेरिकेत जुनी कोरी तिकिटं अजून चालतात, हे त्यांनी कुठंतरी वाचलं होतं. तेव्हा दादानं तिथं दीपगृहांची जुनी कोरी तिकिटं विकत घ्यायची, रिकाम्या पाकिटावर चिकटवायची आणि रजिस्टर्ड करून पाठवायची. शिक्का वाटेत आपोआप बसेल. "तिकीट आपल्या पायांनी चालत येईल. त्याला सांग."

मी सांगितलं. दादाला त्यात काही गैर वाटलं नाही. आमच्या घरात गैर वाटायला एकटी मीच आहे.

पाकीट निघालं आणि अडकलं. मला परदेशी टपालाच्या कचेरीत बोलावणं आलं. टेबलामागे पन्नाशीचे एक साहेब, अगदी शांत स्वभावाचे. त्यांनी दादाचं पाकीट उजेडाकडे धरलं, मग सहकाऱ्याला हाक मारली, त्यानंही उजेडाकडे धरलं. दोन्ही बाजूंनी दीपगृहंच दीपगृहं, पत्त्याला जेमतेम जागा, आणि आत काही नाही.

"खाली लिफाफे पे इत्ते टिकिट कौन लगाता अम्मा?" साहेबांनी विचारलं. "अंदर का माल किधर गया?"

मी खरं ते सांगितलं. आत काही नव्हतंच, बाहेरचंच हवं होतं. खरं बोललं की माणूस सुटतो असं म्हणतात. मी जितकं खरं बोलत गेले तितके ते दोघं एकमेकांकडे जास्त बघत गेले. शेवटी माझं आधारकार्ड, बँकेचं ओळखपत्र आणि बाबांच्या अल्बमचा माझ्या फोनमधला एक फोटो पाहून त्यांनी पाकीट दिलं, आणि पुढच्या वेळी आत काहीतरी घाला, अशी सूचना केली. पाकिटावर दीपगृहाच्या बरोब्बर दिव्यावर त्यांच्या कचेरीची चिठ्ठी चिकटलेली होती. ती बाबांनी घरी वाफेवर धरून अर्धा तास सोडवली.

सूचनेप्रमाणे दादानं पुढच्या पाकिटात मोजे घातले. एक जोड, करडे, लोकरीचे. हैदराबादच्या एप्रिलमध्ये लोकरीचे मोजे का, तर त्याच्या घराजवळच्या दुकानात तेच होते. फॉर्मवर त्यानं इमानदारीनं लिहिलं, मोजे, आणि मोज्यांची किरकोळ किंमत. आम्ही निर्धास्त होतो. पण ड्यूटी आली ती अशी की मी पावतीवर दुसऱ्या कुणाचं नाव आहे का ते पाहिलं. चौकशी केल्यावर कळलं की मालाच्या किमतीत तो आणायचा टपालखर्चही मिळवतात आणि मग एकूण रकमेवर कर लावतात. टपालखर्च म्हणजे काय, तर बाहेर चिकटवलेली दीपगृहं. म्हणजे मोजे निमित्तमात्र होते, कर पुन्हा दीपगृहांवरच बसला होता. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला, आणि आमच्याकडे मसाल्यावरही ड्यूटी.

बाबांना राग आला तो सरकारचा नाही, स्वतःचा. बेरजेतलं एक पद आपल्या नजरेतून सुटलं, याचा. त्या उन्हाळ्यात पंखा पाचावर आणि पायांत ते मोजे, अशा अवस्थेत ते बसलेले असायचे. मी काढा म्हटलं तर म्हणायचे, यावर कर भरलाय.

मी पुन्हा त्या शांत साहेबांकडे गेले. रजा टाकून गेले, हे सांगितलंच पाहिजे. आत असं काय घालावं ज्यावर काहीच लागत नाही, असं मी थेट विचारलं. माझ्यासारखं इतकं सरळ त्यांना कुणी विचारलं नसावं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

"चिठ्ठी डालो अम्मा," ते म्हणाले. "घर की चिठ्ठी पे क्या ड्यूटी लगाना."

बाबांना हे पटलं, पण त्यांनी लगेच पुढची अडचण काढली. एका कागदाचं वजन ते काय, त्याला तिकिटं किती लागणार? वजनापेक्षा जास्त तिकिटं दिसली की पाकीट पुन्हा उजेडाकडे धरणार, म्हणून तिकिटं जास्त हवी तर पाकीट जड हवं. ते बेगम बाजारात जाऊन केशर तोलायचा छोटा काटा घेऊन आले, कागद तोलत बसले, आणि संध्याकाळी मला निकाल दिला. जाड कागद, आठ पानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेली. "त्याला सांग."

दादा हबकला. बाबांना आठ पानं लिहिण्यासारखं त्याच्याकडे काय होतं? मराठी लिहून त्याला जमाना झाला होता. मी ते बाबांना सांगितलं. बाबा म्हणाले, "काहीही लिही म्हणावं. कोण वाचतंय?"

महिन्याभरानं पाकीट आलं, सुखरूप, एक पैसाही न भरता. बाबांनी तिकिटांचे तुकडे कापून पाण्याच्या वाडग्यात सोडले आणि पत्राची पानं रद्दीवर टाकली. मीच ती उचलली. वर "तीर्थरूप बाबांस साष्टांग नमस्कार. इकडे सर्व ठीक आहे. प्रकृतीस जपावे," आणि त्याखाली बे एके बे. पुढे आठ पानं पाढे. दोनापासून तिसापर्यंत, मोठ्या वळणदार मराठी आकड्यांत. लहानपणी दिवेलागणीला बाबा जे आम्हाला म्हणायला लावत, तेच. कागद भरायला त्याला तेवढंच आठवलं होतं.

मी हसत हसत ते बाबांना दाखवलं. तिकिटं सुटायला वेळ लागतो, तोवर ते पान वर धरून बघत बसले. एकदम ताठ झाले.

"फोन लाव."

आता तो कामावर असेल की झोपेत, याचा हिशेब करायलाही त्यांनी मला वेळ दिला नाही. फोन माझ्या हातातून ओढून घेतला. "सतरा नवे किती?" पलीकडून काय उत्तर आलं मला ऐकू आलं नाही. "मग एकशे त्रेचाळीस कुणी लिहिलं, मी?" दादा म्हणाला असावा की घाईत झालं, कारण बाबा म्हणाले, घाईत माणूस चप्पल विसरतो, सतरा नवे विसरत नाही. मग पूर्वी सतराचा पाढा कुणाचा कच्चा होता, त्यासाठी अंगणात किती वेळ उभं राहावं लागलं होतं, तेव्हा आईनं खिडकीतून लाडू कसा दिला होता, असं निघत गेलं. बाबा फोन घेऊन बाल्कनीत गेले. मी स्वयंपाकघरात उभी होते, कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहून गेल्या आणि भाताचा गिचका झाला. मला फार बरं वाटलं. रडू आलं, तेही सांगते.

त्यानंतर पाकिटं येत राहिली. पावकी, निमकी, दिडकी असे अपूर्णांकांचे जुने पाढे, दादाला जे आठवेल ते. आणि प्रत्येक पाकिटात एक चूक. कधी तेवीस साते, कधी एकोणतीस आठे. चूक सापडली की फोन. मला शंका यायला वेळ लागला नाही. जो माणूस विमा कंपन्यांचे हिशेब कॉम्प्युटरवर चढवतो, त्याला पाढ्यात दर वेळी नेमकी एकच चूक कशी होते? दादाला विचारलं तर म्हणाला, अगं, सवय गेली. मग मी बाबांना म्हटलं, तो मुद्दाम चुकतो, तुम्हाला कळतं का?

बाबांनी माझ्याकडे जुन्या वर्गातल्या ढ मुलीकडे पाहावं तसं पाहिलं. "खरी चूक कशी दिसते ते मला कळत नाही का?" ते म्हणाले. "बोलू नको त्याला. चुका करायचा थांबेल."

आणि मागच्या पितृपंधरवड्यात जे पाकीट आलं त्यात चूक नव्हती.

बाबांनी आधी दुपारी तपासलं. मग संध्याकाळी, दिवा जवळ घेऊन. मग मला वाचायला लावलं आणि स्वतः डोळे मिटून ऐकलं. एकवीस ते तीस, सगळे पाढे बरोबर. ते उठून बाल्कनीत गेले, आत आले, पाणी प्यायले, प्यायल्यावर पुन्हा पाणी मागितलं. मी म्हटलं, बाबा, एखादी चूक आहे असं सांगून टाका ना, कोण तपासायला येतंय? त्यावर ते माझ्यावर संतापले. बरोबर असेल त्याला चूक कसं म्हणायचं, हेच शिकवलं का मी तुम्हाला?  वाडग्यातली दीपगृहं कधीच कागद सोडून वर आली होती, त्यांच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं.

बऱ्याच वेळानं ते म्हणाले, लाव फोन.

मी लावला आणि स्पीकरवर ठेवला, कारण त्यांनी फोन हातात घेतलाच नाही. दादा नेहमीच्या सवयीनं म्हणाला, "हं बाबा, कितव्या पाढ्यात?"

"कुठंच नाही," बाबा म्हणाले. "मी तीनदा पाहिलं."

   मी फोन उचलून नेहमीसारखं काहीतरी विचारणार होते, थंडी किती, जेवलास का, तेवढ्यात बाबांनी हातानंच मला थांबवलं.

"तुझी आई गेली तेव्हा तुला येता आलं नाही," ते म्हणाले. "त्यातही तुझी चूक नव्हती. मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं."

बाबांनी आता फोन स्वतःच्या हातात घेतला. आणि ठेवला नाही.