सारवलेलं कोर्ट

युरोपात क्लबांच्या बास्केटबॉल स्पर्धांना तीन पायऱ्या. त्यातल्या अगदी खालच्या पायरीवरच्या चषकात खेळणारा एक संघ पुण्याहून हैदराबादला जाताना सोलापुरात आमच्याशी सामना खेळणार, ही बातमी क्लबात आली तेव्हा सत्तरचं दशक निम्मं सरलं होतं. त्या खेळाडूंना खेळण्याचा पगार मिळतो हे ऐकून आमचा कप्तान चाट पडला. "खेळायचा पगार? मग काम काय करत्यात ती मानसं?"

कप्तानाला आम्ही अण्णा म्हणायचो. तेलुगू विणकरांच्या घरातला, यंत्रमागावर राबणारा, पस्तिशीचा. गुडघा सुजायचा, आणि दिवाळीनंतर खेळ बंद असा शब्द त्यानं बायकोला दिला होता. आपण खरोखरचे खेळाडू की नुसतेच गल्लीतले वाघ, एवढं त्याला त्याआधी जाणून घ्यायचं होतं. आम्ही सांगून त्याला पटत नव्हतं. ते परक्यांनीच सांगायला हवं होतं.

सामन्याच्या सकाळी मैदानावर पोचलो आणि मटकन खालीच बसलो. अण्णाच्या गल्लीतल्या बायकांनी पहाटे येऊन अख्खं कोर्ट शेणानं सारवलं होतं, मधल्या वर्तुळात मुग्गू, म्हणजे त्यांची रांगोळी, रेखली होती. इतक्या लांबचा पाहुणा येणार, त्याला काय उघड्या मातीवर उतरवायचं? मी चेंडू आपटून पाहिला. रुसलेल्या जावयासारखा तो बसला तो बसलाच. बायकांत अण्णाची बायकोही होती. तो तिच्यावर ओरडला नाही, हे मला आजही आवडतं. "लई झ्याक काडलंय," एवढंच म्हणाला आणि कडेला जाऊन डोकं धरून बसला. आता तिथं दुकानांचे गाळे झालेत, पण त्या बाजूनं गेलो की ओल्या शेणाचा वास मला अजून येतो.

सोलापूरचं ऊन मात्र मदतीला धावलं. चारपर्यंत अर्धं कोर्ट खडखडीत वाळलं, लिंबाच्या सावलीतलं अर्धं ओलंच राहिलं. मग दोन्ही संघ एकाच बास्केटवर खेळले. पाहुण्यांनी आम्हाला धू धू धुतलं. पण अण्णा! त्या ताडमाड गड्यांच्या बगलेखालून तो असा निसटायचा की त्यांचेच राखीव खेळाडू टाळ्या पिटायला लागले. हरताना इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

सामना संपल्यावर त्यांचा प्रशिक्षक आमच्या इंग्रजीच्या मास्तरांना घेऊन अण्णाकडे आला. वय विचारलं, ऐकून हळहळला. मास्तर म्हणाले, "साहेब म्हणतायत, दहा वर्षांपूर्वी हा भेटला असता, तर पगार देऊन याला आमच्या संघात नेलं असतं."

अण्णा मात्र गुडघा चोळत हसला.

"धा वर्सामागं? तवा हितं बास्केटच न्हवतं की, मास्तर."