तिवशाची चिठ्ठी

मोतीराम कॉलेजच्या प्रयोगशाळेत चौतीस वर्षं परिचर होते. दहावी नापास, पण स्किपर फुलपाखरांच्या बाबतीत अमरावतीत त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. ही फुलपाखरं मातकट, जाड अंगाची, उडण्यापेक्षा उड्याच मारणारी. पंखावरचे ठिपके सरळ ओळीत की तिरपे, यावरून जात ठरते. ते सापडलं कुठं, हे मात्र टाचणीखालची चिठ्ठीच सांगते. मोतीरामांच्या चिठ्ठ्यांवर साऱ्या जिल्ह्याचा नकाशा उभा होता.

निवृत्तीनंतर एका दुपारी शेजारच्या चंदाबाई घरी आल्या. त्यांची मुलगी प्रतीक्षा त्याच कॉलेजात संशोधन करत होती; मोतीरामांच्या चिठ्ठ्यांवरच्या जुन्या जागांवर आता कोणती स्किपर उरली, ते शोधत होती.

"मोतीरामजी, पोरीले तुमीच समजवा. तिवशाच्या नाल्यावर सात चकरा झाल्या. भादव्याच्या उन्हात कोळसा झाला तिचा. म्हणते, मोतीरामकाकाले भेटलं, मले काहून भेटत नाही?"

"कोणतं?"

"तिरप्या ठिपक्यांचं, कॉलेजच्या पेटीत तिवशाचं एकच हाय म्हणते. आता लिहून राहिली, तिवशातून नाहीसं झालं म्हणून."

मोतीरामांच्या हातातला चहा निवून गेला.

तो रविवार ते विसरले नव्हते. प्रयोगशाळेच्या सरांनी फुलपाखरं धरायला तिवशाला जायला सांगितलं होतं. पण गोदाबाईला ताप चढला आणि ते बायकोच्या उशाशी बसून राहिले. मंगळवारी ती गेली. तेरवी आटोपून कामावर आले, तर पेटीतला तिवशाचा कप्पा रिकामा. कोणी विचारलं तर घरचं काय सांगत बसायचं? मेळघाटातलं एक उचलून त्यांनी खाली नव्या चिठ्ठीवर 'तिवसा' लिहिलं आणि त्या रविवारची तारीख घातली. आयुष्यात एकदाच.

हे सांगितलं, तर उरलेल्या हजार चिठ्ठ्या कोण खऱ्या मानणार? रात्रभर डोळा लागला नाही. सकाळी ते कॉलेजात प्रतीक्षाकडे गेले आणि पेटीतल्या त्या फुलपाखरावर बोट ठेवलं.

"पोरी, हे तिवशाचं नाही. मी गेलोच नव्हतो तिथं."

प्रतीक्षानं चिठ्ठी टाचणीवरून सोडवून टेबलावर ठेवली.

"काका, बाकीची?"

"बाकीची खरी हायेत."

"मला पटतं. पण कागदावर कसं पटवू?"

तिनं यादी काढली आणि त्यांच्या प्रत्येक नोंदीपुढे पेन्सिलीनं प्रश्नचिन्ह केलं, अगदी हलक्या हातानं. मोतीराम शेवटच्या ओळीपर्यंत पाहत उभे राहिले.

"ही चिठ्ठी घरी नेऊ?"

"नाही काका. ती इथंच राहू द्यावी लागते."

मग त्यांनी तिची पेन्सिल मागितली. चिठ्ठी उलटी करून मागं लिहिलं : त्या दिवशी मी घरी होतो.