आधी स्वतः निजून पाहणारे जमादार

भर दुपारी उघड्या माळावर एखादा धडधाकट माणूस पागोटं उशाला घेऊन आडवा झालेला तुम्ही पाहिलाय? आम्ही दर हिवाळ्यात पाहायचो. आधी उताणं, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. डोळे मिटलेले. मग जमादार उठायचे, पाठीची माती झटकायचे आणि म्हणायचे, "इथं नको. इथं कंबर जागी राहील."

चार पावलं पुढे जाऊन पुन्हा आडवे.

संस्थानच्या तंबूखात्यात ते जमादार होते. त्यांचं नाव कुणी घेत नसे, मीही घेत नाही. माझे वडील उज्जैनच्या कचेरीत हेडक्लार्क. हिवाळ्यात मोठे साहेब दौऱ्यावर निघाले की हाताखालच्या लोकांनाही बायकापोरं सोबत न्यायची मुभा असे. आम्हा पोरांना तीच दिवाळी. गाव बदलेल तसे तंबू हलायचे, आणि कोण कुठे निजेल हे साहेब नव्हे, जमादार ठरवायचे.

त्यांचे कायदे होते. पोरं मध्ये, आई दाराशी, बाप वाऱ्याच्या बाजूला. उतार असेल तर डोकं चढाला. दक्षिणेला पाय कधीच नाही, तसे मढ्याचे करतात. काळी माती मुठीत दाबून नाकाशी धरायची, ओल असेल तर सतरंजीखाली वाळलं गवत हातभर वाढवायचं. शेवटी जमिनीवर गुळाचा खडा ठेवून ते चहा प्यायला जायचे. परत आल्यावर खड्याला मुंग्या दिसल्या तर सगळं बिऱ्हाड उचल. आई वैतागायची. म्हणायची, मुलीसाठी स्थळ बघतानासुद्धा कुणी एवढं बघत नाही.

एकदा नव्या साहेबांनी हट्टानं आपली खाट आंब्याखाली लावून घेतली. जमादारांनी तिथे आडवं होऊन पाहिलं होतं, नको म्हणून सांगितलं होतं. सकाळी साहेबांचा एक डोळा मुंग्या चावून सुजून बंद झालेला. आम्ही पोरं खुदुखुदु हसलो, तर जमादारांनी आम्हाला असं काही दटावलं की बस. मग स्वतःसाठी निवडलेली जागा साहेबांना दिली.

मी आणि माझी बहीण जागेवरून भांडायचो. तिची जागा मला हवी, माझी तिला. तेव्हा ते दोघांना समोर बसवून सांगायचे, "बाळ, जागा एकदा घेतली की बदलायची नाही. खडा टोचला तरी आपलाच."

संस्थानं विलीन झाली तेव्हा मी त्याच कचेरीत नुकता बाबू म्हणून लागलो होतो. जुन्या नोकरांची यादी करायचं काम माझ्याकडे आलं. दोन रकाने होते. एक सरकारी, म्हणजे नव्या सरकारकडे जाणारे. दुसरा खासगी, म्हणजे दरबारच्या, महाराजांच्या घरचे. तंबू सरकारीत गेले होते. जमादारही तिकडेच जाणार, त्यात विचारायचं काय? पण रीत म्हणून मी विचारलं, "काका, सरकारी लिहू ना?"

त्या दिवशी ते धुतलेलं पागोटं बांधून आले होते. मी जणू त्यांच्या बापाला नावं ठेवली, असं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "सरकारी काय? सरकार आज आलं. आम्ही पाच पिढ्या दरबारचे. लिही, दरबारचे."

मला कळत होतं हो. तंबू एकीकडे आणि माणूस दुसरीकडे, हे मला लख्ख कळत होतं. एवढंच म्हणायचं होतं, की काका, हा मान नाही, नुसता रकाना आहे. पण ज्यांनी लहानपणी माझी सतरंजी घातली, त्यांना अक्कल कोण शिकवणार? आणि पुढे ही यादी उघडून बघणार तरी कोण, असंही वाटलं. मी खासगीत लिहिलं. त्यांनी ते मला दोनदा वाचून दाखवायला लावलं आणि खूश होऊन गेले.

पुढची काही वर्षं कुणी ती यादी उघडली नाही. दौरे कमी झाले, पण जमादार होते आणि तंबूही होते. ते आपले तंबूंना ऊन दाखवत, शिवत, घड्या घालत. मी विसरून गेलो. खोटं कशाला बोलू, मी विसरायचं ठरवलं.

मग राज्यं पुन्हा जोडली गेली आणि राजधानी भोपाळला गेली. तंबू आणि तंबूचे सरकारी नोकर तिकडे पाठवा, असा हुकूम आला. जमादारांनी खोली सोडली, भैरवगढची छापील चादर वर घालून वळकटी बांधली आणि सकाळपासून कचेरीच्या मागच्या आवारात, जिथे तंबू वाळत घालायचे तिथे, तिच्यावर बसून राहिले. ट्रक भरले. भोपाळच्या माणसानं नावं वाचली. त्यांचं नाव नव्हतं. त्यानं जुनी यादी मागवून बघितली आणि हिंदीत म्हणाला की ये तो खासगी के आदमी हैं, इनका हमसे क्या वास्ता. अक्षर माझं होतं. मी तिथेच उभा होतो.

नंतर अर्ज केले, सगळे मीच लिहिले. दरबाराकडून उत्तर आलं की तंबू आमच्याकडे नाहीत, त्यामुळे जमादाराची जागाही नाही. भोपाळहून उत्तरच आलं नाही. त्या दिवशी ट्रक निघताना जमादार हमालांना एवढंच सांगत होते, "बिछाना घालण्याआधी स्वतः निजून बघत जा रे." हमाल हसले.

पुढच्या हिवाळ्यात मी मुद्दाम घाट घातला. बायको, दोन मुलं आणि भाड्याची राहुटी घेऊन क्षिप्रेकाठी दोन दिवस राहायचं, आणि जागा निवडायला जमादारकाका. त्यांना बरं वाटेल, अशी माझी समजूत. ते आले. आडवे झाले, माती हुंगली, गूळ ठेवला. मग त्यांनी पोरांच्या गाद्या घातल्या, आणि पाय नेमके दक्षिणेला केले. माझ्या बायकोनं गाद्या फिरवल्या. त्यांनी ते पाहिलं. कितीतरी वेळ स्वतःच्या हातांकडे बघत बसले, आणि चहा न घेता पायीच परत गेले. त्यानंतर मी त्यांना कधी बोलावलं नाही. चूक झाली ती पण.

रोज दुपारी ते त्या रिकाम्या आवारात जाऊन पडतात, असं शिपायानं सांगितलं. मी गेलो. ते उताणे पडले होते, डोळे मिटून. मी शेजारी बसलो आणि इतक्या वर्षांनी एकदाचं बोललो. "काका, मला समजत होतं. मी सरकारी लिहायला हवं होतं. तुमचं वाटोळं मी केलं."

त्यांनी डोळे उघडले नाहीत. "तू कशाला रडतोस, बाबू? जागा मी घेतली होती."

उन्हाळ्यात ते गेले. पोहोचवायला आम्ही पाच जण होतो.

हिवाळा आला, दौऱ्याचे दिवस. एका दुपारी कचेरीतून उठून मी आवारात गेलो. वाळलं गवत गुडघाभर झालं होतं, फक्त ते निजायचे तिथला एक माणूसभर पट्टा उघडा होता. कुणी नाही असं बघून मी तिथे आडवा झालो. उताणा, मग डाव्या कुशीवर, मग उजव्या. जमीन डोक्याकडे उतरती होती. मातीला ओल होती. कमरेखाली एक भलामोठा खडा होता, उजवीकडे वळलो तरी टोचत होता. अशी जागा त्यांनी आमच्यापैकी कुणालाही दिली नसती.