नऊ सुभेदार आणि एक शिपाई

आमच्या ऑफिसात आस्थापना शाखेला एक कारकून होते. सगळ्यांच्या बढत्यांचे कागद तेच तयार करायचे, स्वतः मात्र अठरा वर्षं त्याच खुर्चीवर. मी त्यांच्यामागून नोकरीला लागून त्यांचा साहेब झालो, तरी आमची दोस्ती टिकली ती छोट्या मूर्ती रंगवण्याच्या नादापायी.

एकदा रविवार कारंजावर मला इंग्रजांच्या काळातल्या पलटणीची प्लास्टरची, बोटाएवढी, बिनरंगाची चित्रं मिळाली, दिवाळीच्या किल्ल्यावर मांडतात तशी. नऊ शिपाई आणि एक गोरा साहेब, असे दोन संच. पैज लागली: दिवाळीपर्यंत ज्याचा संच चांगला रंगेल, त्याला दुसऱ्याने मिसळ खिलवायची.

ते ब्रशचं टोक ओठांनी नीट करायचे आणि हातातल्या शिपायाला विचारायचे, "काय हो, सेवा किती झाली तुमची?" मग त्याच्या बाहीवर एक पट्टी चढायची. आठवड्याने आणखी एक.

"किती दिवस शिपाईच ठेवायचं, साहेब? अन्याय होतो," मला म्हणायचे. नजर ब्रशवरच.

निकालाच्या दिवशी त्यांच्या टेबलावर नऊच्या नऊ सुभेदार झळकत होते. रांगेच्या शेवटी, साध्या शिपायाच्या वेषात, बुटांना पायांचा रंग देऊन अनवाणी केलेला गोरा साहेब.

"हे काय?"

"नऊ जणांना बढती दिली. शिपायाची जागा रिकामी झाली, ती भरायला नको?"

मी साहेबाला उचलून उजेडात धरलं. त्याच्या डोळ्यांवर चष्मा रंगवला होता. डावी दांडी पांढऱ्या दोऱ्याने बांधलेली, हुबेहूब माझ्या चष्म्यासारखी.

"चला," मी म्हणालो, "मिसळ कुठे खायची?"