बुडालेल्या गावाच्या गल्ल्या

मुळशी धरणाच्या काठावर हिंजवडीहून आलेले आम्ही नवराबायको दिवसभर फिरत होतो. सकाळी जुन्या दगडी बंगल्यांचे फोटो काढले, दुपारी जांभळाची वाईन चाखली आणि ऊन उतरल्यावर पाणकावळे पाहायला होडी केली.

मोकळं पाणी असूनही नावाडी मध्येच वळणं घेत होता. खाली त्याच्या आजोबांचं गाव बुडालेलं आहे आणि तो होडी गल्ल्यांमधूनच नेतो, असं त्याने सांगितलं.

"तुमच्या हिंजवडीत चालत आसंल. हितं लोकांच्या घरावरनं न्हाई जात."

परतताना वारा सुटला. लाटांचं पाणी होडीत येऊ लागलं.

"दादा, आता सरळ घ्या," बायको म्हणाली.

त्याने नाइलाजाने होडी सरळ घातली. लगेच तळाला खालून टकटक झाली, दार वाजवावं तशी. त्याने वल्हं खाली सोडून पाहिलं. ते कशालाच टेकलं नाही. तरी होडी पुढे सरकेना.

तो पाण्याकडे वाकला. "पावणं हायेत. घाबरल्यात. जाऊ द्या."

होडी हलली.

काठाला लागल्यावर बायकोने विचारलं, "कुणाचं घर होतं ते?"

"आमचंच," तो म्हणाला. "म्हणून सोडलं."