टेबलाला दगडच लावला!

आज सकाळी नातीचा मेसेज आला. "आजी, बाल्कनीतल्या कॉफी टेबलला टॉप कशाचा करू?" मला हसूच फुटलं... अगं बाई, या एका प्रश्नावरून मी अख्ख्या सासरशी भांडलेय!

साठ सालच्या आसपासची गोष्ट. बेळगावहून लग्न होऊन मी बंगळूरला आले. सासरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथली, मराठी बोलताना मध्येच कन्नडमधलं 'सरी' म्हणजे ठीक, 'स्वल्प' म्हणजे थोडं, असं म्हणणारी.

सकाळची कॉफी पुरुषांना पुढच्या व्हरांड्यात, वेताच्या खुर्च्यांवर. आम्ही बायका स्वयंपाकघरात, उभ्याउभ्या. आणि सगळ्यांत शेवटी माझी मोठी नणंद, अक्का... एकोणिसाव्या वर्षी विधवा झालेली. सगळ्या घराची कॉफी तीच करायची, आणि तिच्या वाट्याला यायचं दुसऱ्या पाण्याचं, वापरलेल्या पुडीवरच पुन्हा काढलेलं पातळ डिकॉक्शन. तेही गार.

मला राग यायचा. भयंकर राग यायचा. शेवटी एके दिवशी जाहीर केलं, पुढच्या अंगणात चिकूखाली मी टेबल करणार, आणि अक्का आणि मी तिथे बसून कॉफी पिणार.

"करून तर बघ," सासूबाई म्हणाल्या. ती धमकी होती... मी परवानगी समजले.

विटांचे दोन बुटके खांब मी स्वतः बांधले, वेडेवाकडे का होईनात. वर ठोकायला इथल्या शिवाजीनगरातून जुन्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. वळवाच्या एकाच पावसात त्या अशा वाकल्या की पेला ठेवला की कलंडायचा. मग प्लायवूड लावलं. ते पापडासारखं फुगलं. व्हरांड्यातून सासऱ्यांचं, म्हणजे अप्पांचं, हसणं ऐकू यायचं. म्हटलं, हसा.

आता सागवानच घेते म्हणाले, तेव्हा सासूबाईंनी हुकमाचा पत्ता काढला. लाकडाला उष्टं लागतं! ओठाला लावलेला पेला टेकला की लाकूड बाटलं, ते धुऊन शुद्ध होत नाही. अक्काचं तर कडक सोवळं, ती असल्या टेबलाशी बसायची नाही.

"आणि दगडाला?" मी विचारलं.

"दगडाला काय होतंय... तांब्याभर पाणी ओतलं की झालं," त्या बोलून गेल्या. बोलल्या आणि फसल्या!

दुसऱ्याच दिवशी दगडवाल्याकडे गेले. मला काळा कडप्पा आवडला होता, पण तो म्हणाला, "अम्मा, हा उन्हात तापतो आणि पातळ आहे, आपटला की तुटतो. तो करडा घ्या." करडा म्हणजे इथल्या जुन्या घरांच्या पायऱ्यांना असतो तो ग्रॅनाइट. एका बाजूला बोटभर उतार द्या, पावसाचं पाणी साचणार नाही, हेही त्यानेच सांगितलं. "स्वल्प जड आहे," म्हणाला. स्वल्प कसलं... बैलगाडीतून उतरवायला चार माणसं लागली!

दगड खांबांवर बसला आणि अप्पा व्हरांड्यातून कडाडले, "काढ ते! रस्त्यावरून लोक बघतात. आपल्या घरच्या बायका अशा बाहेर बसतात का?"

आलं की नाही पोटातलं ओठावर! म्हणजे पाऊस नाही, उष्टं नाही, सोवळं नाही... अडचण आमच्या बसण्याचीच होती.  मी म्हटलं, "अप्पा, माझ्याच्याने नाही हलणार. चार माणसं लागतात, तुम्ही बोलवा." आमचे हे पेपरात तोंड खुपसून बसले होते.

मी पहिल्या पाण्याची कडक कॉफी केली, दोन पेले भरले आणि बाहेर नेऊन ठेवले. अक्काला हाक मारली. ती उंबऱ्यापर्यंत आली आणि थांबली. "ती नाही यायची," सासूबाई म्हणाल्या.

अक्का वळली. आत गेली... मला वाटलं, संपलं सगळं. पण ती पाण्याचा तांब्या घेऊन आली, सगळ्यांच्या देखत अंगणात उतरली, मी पेले उचलल्यावर दगडावर पाणी ओतलं आणि हाताने निपटून काढलं. मग आईकडे वळून म्हणाली, "आता सरी ना, आई?"

आणि बसली. रस्त्याकडे तोंड करून.

अप्पांनी पुढे महिनाभर आपली खुर्ची भिंतीकडे वळवून ठेवली. खुशाल! सासूबाईही कित्येक दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या. अक्का मात्र रोज बसली.

लोक म्हणतात, घरच्या शांततेसाठी बाईने थोडं सोसावं. मी सोसलं असतं तर घर शांत राहिलं असतं, खरंच राहिलं असतं. आणि अक्का जन्मभर उभी राहिली असती.