चंदनी हारातली मांजरं

आमच्या हॉलमध्ये दोन मांजरांचं चित्र आहे आणि त्याखाली माणसं एकटी बसत नाहीत.

चूक माझी! आईच्या पन्नाशीला तिच्या मनी आणि गुंड्याचं चित्र भेट द्यायचं ठरवून मी मंगळवार पेठेतल्या पेंटरचाचांकडे गेले. चाचा फोटोवरून फक्त गेलेल्या माणसांची चित्रं काढतात, हे मला तिथल्या भिंती बघून कळलं.

"दोघंबी संगटच गेली व्हय, ताई?"

"जिवंत आहेत" एवढंच म्हणायचं होतं. पण घराबाहेरच्या माणसासमोर माझं तोंड वेळेवर उघडत नाही (इंग्रजी शाळेत इंग्रजीतही उघडत नव्हतं). चाचांना वाटलं, कंठ दाटला.

"ऱ्हाऊ दे. बोलू नगंस."

चित्र झकास आलं. गळ्यात रंगवलेले चंदनी हार, डोक्यामागे प्रकाश, आणि डोळे!

"घरात कुठंबी बसा, बघत्यातच की तुमच्याकडं!" चाचा म्हणाले.

बघायचीच! मी स्वयंपाकघरात गेले तरी पाठीवर नजर जाणवायची. (स्वयंपाकघरातून ते चित्र दिसत नाही.) मनी उंबऱ्यावर थबकली, शेपूट फुगवून मागे फिरली. गुंड्या तिच्यामागे. तीन दिवस दोघं कुंपणाच्या भिंतीवर बसून घराकडे टक लावून होती. दूध नाही, मासा नाही.

आई रडकुंडीला आली. "चित्र आणलंस आणि माझी मांजरं घालवलीस!"

"फेकून दे की ते," बाबा म्हणाले.

"हार घातलेलं फेकत्यात व्हय?" आई माझ्याकडे वळली. "जा गं, डोळे बदलून आण. आणि जिवंत हायत म्हणून सांग त्यांना!"

वाटभर मी ते वाक्य घोकलं. दुकानात सहा अर्धवट रंगवलेले दिवंगत माझ्याकडे बघत होते. तोंडातून एकच शब्द निघाला, "डोळे..."

"कळलं. बघवत न्हाय तुला." चाचांनी ब्रश उचलला आणि चारही डोळे हळूच मिटवून टाकले.

चित्र टांगलं त्याच दुपारी मांजरं घरात आली! चित्राखाली जाऊन झोपली. हुबेहूब चित्रातल्यासारखी. इतकी निपचित, की आई दर तासाला नाकाशी बोट धरून श्वास बघू लागली.

आई बाजारात गेली आणि समोरच्या काकू आल्या. त्यांनी वर हार बघितले, खाली मांजरं बघितली.

"अगं बाई! दोघंबी? आणि अजून अशीच ठेवलायसा?"

"झोपलीत" हा केवढा सोपा शब्द!

"बसा ना काकू," मी म्हणाले. "चहा टाकते."

कप घेऊन बाहेर आले, तर काकूंच्या हातात मिठाची पिशवी होती आणि दारात काका खोरं घेऊन उभे होते.

"कुठं खणू, बाळ?"

गुंड्यानं एक डोळा किलकिला केला. मी काय बोलते याची तो वाट बघत होता.

मी आत जाऊन आणखी एक कप चहा टाकला.